आठ महिने सरळ केलेल्या रेषा

अनंता,

परवा तुझं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर चाळीच्या गॅलरीत खुर्च्या टाकून जो तो मला सांगत होता की मित्र असावा तर मधूसारखा. तुझा मेहुणा म्हणाला, सख्ख्या भावाने केलं नसतं. केदार तर माझा हात धरून रडला. मी मान हलवत राहिलो. एकदाही नाही म्हणालो नाही. वर दोन वडे मागून घेतले, हेही लिहून ठेवतो.

निघताना प्राचीने जिन्यात गाठलं. "मधूकाका, केदारची मंडळी बाबांच्या कामाचं छोटं पुस्तक काढतायत, फोटोंचं. पहिली चार पानं तुम्ही लिहा. तुमच्याइतकं बाबांना ओळखतंय कोण?"

मी हो म्हणालो. ती मागत होती ते चांगल्या माणसाने चांगल्या माणसावर लिहिलेलं काहीतरी होतं. हे ते नाही.

विक्रोळीच्या कारखान्यात पेंट शॉपला तू माझ्याआधी दोन वर्षं लागलास आणि जन्मभर दोन वर्षं पुढेच राहिलास. लोखंडी कपाटांवर रंगाचा शेवटचा हात मारायचा आणि दारांवर बारीक रेषा ओढायच्या, हे आपलं काम. मी चिकटपट्टी लावून रेषा मारायचो. सगळेच मारायचे. तू नाही. तू श्वास रोखायचास, करंगळी दारावर टेकवायचास आणि वरपासून खालपर्यंत ब्रश एका दमात आणायचास. फुटपट्टी लावून बघितलं तरी चूक सापडायची नाही. मी पट्टी लावायला लागलो की म्हणायचास, "काय रे मेल्या, कपाटाला जखम झाली काय? बँडेज कशाला?" अख्खं शॉप हसायचं. मीही हसायचो. तेव्हा मला राग येत नाही असं मी स्वतःला सांगत असे.

आपल्या शॉपचा एक रिवाज होता, तो प्राचीला माहीत असायचं कारण नाही, म्हणून लिहितो. दुसऱ्याच्या हातावर हात मारायचा नाही. कुणाच्या कामात चूक दिसली आणि ती सुधारायची वेळ आलीच, तर कपाटाच्या बुडाला पिवळ्या खडूने खूण करायची आणि ज्याचं काम त्याला बोलावून दाखवायचं. त्याने बघितलं की खूण पुसायची. यात कुणाचा अपमान नसे. खूण नसेल तर माणसाला आपला हात कुठे घसरतोय हे कळणार कसं? एकदा एका नव्या माणसाने तुझ्या दारावरची रेषा न सांगता नीट केली. तुला ती आपली नाही हे दहा हातांवरून कळलं. तू त्याला शिवी दिली नाहीस. महिनाभर त्याच्या पंगतीला जेवला नाहीस, बस. मी तुला म्हटलं, जाऊ दे रे, चांगल्यासाठीच केलं त्याने. तू म्हणालास, "चांगल्यासाठी केलं तर लपवलं कशाला?"

हा प्रश्न मला गेले चौदा-पंधरा महिने झोपेतून उठवतो.

निवृत्तीनंतरची गोष्ट. सुधा गेल्यावर आम्हा नवराबायकोचं मुलुंडचं घर एवढं मोठं वाटायला लागलं की मी हॉलमध्येच झोपायचो. तू दर दोन दिवसांनी कांजूरमार्गहून यायचास. आमच्या सोसायटीने पार्किंगचे आकडे रंगवायला काढले तेव्हा मी तुझं नाव सुचवलं. तू उकिडवा बसून हाताने रेषा ओढत होतास आणि तिसऱ्या मजल्यावरचा केदार, हा चाळिशीचा इंजिनीअर माणूस, गाडी काढायची सोडून बघत उभा राहिला.

"काका, ह्याच्यापेक्षा बारीक रेषा ओढाल?"

"किती बारीक?"

त्याने खिशातून अंगठ्याएवढा प्लास्टिकचा सैनिक काढला.

तू त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "मधू, ह्याका अजून बाहुल्ये खेळूक लागतत," म्हणालास. पण सैनिक खिशात घातलास.

केदार आणि त्याचे मित्र रविवारी घाटकोपरला एका हॉलमध्ये जमतात. मोठ्या टेबलावर पडक्या इमारतींचं शहर मांडतात, दोन्ही बाजूंनी असे सैनिक ठेवतात, फासे टाकून लढाई खेळतात. टेपने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवायचा. ज्याचा सैनिक दुसऱ्याला दिसतो, तो मरतो. आपण पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा तू दोन तास जागचा हलला नाहीस. त्यांच्या सैनिकांवर शहरी कॅमोफ्लाज होता. तुला तो शब्द कधीच नीट म्हणता आला नाही. तू त्याला लपाछपीचा रंग म्हणायचास, आणि पुढे ती पोरं, म्हणजे चाळिशीचे बाप्ये, तेच म्हणायला लागले.

केदारने नमुन्याचं चित्र दिलं होतं. करड्याच्या तीन छटा, फुटलेल्या काचेसारखे कोनदार तुकडे. तू ते चित्र हातात घेऊन तुमच्या गॅलरीत उभा राहिलास.

"हे खंयचा शहर? इथे माणसं राहतात की नाही?"

"अरे, सगळीकडे असाच असतो तो."

"इकडे ये. बघ. ह्या कांजूरमार्गात तुझा करडा शिपाई उभा कर. दहा पावलांवरून दिसेल." आणि तू बोटाने दाखवायला लागलास. समोरच्या पत्र्यांवरची निळी ताडपत्री. सिमेंटचं ठिगळ. भिंतीवर काळी पडलेली ओल. गजांखाली ओघळलेला गंज. "इथे लपायचं तर हे अंगावर घ्यायला पाहिजे."

मी हसलो. म्हटलं, हा कॅमोफ्लाज नाही, ही चाळीची गळती आहे. केदार तोंडावर फेकेल.

ही पहिली नोंद. निळ्या ताडपत्रीचा तो नमुना, ज्याला आता त्यांच्या गटात सगळे "कांजूर पॅटर्न" म्हणतात, तो संपूर्ण तुझा. परवा केदार म्हणाला की तो तू आणि मी मिळून शोधला. मी गप्प बसलो. मी तो शोधला नाही, मी त्याला हसलो होतो.

मग आपल्या दुपारी सुरू झाल्या. तुझ्या खोलीत खिडकीशी टेबल. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर सैनिक चिकटवायचा, म्हणजे हातात धरायला येतो. मी अस्तराचा हात द्यायचा, मोठे भाग भरायचे. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. तू घड्याळजीचं भिंग उजव्या डोळ्याला लावायचास. डावा तुझा लहानपणापासून अधू. आणि त्या अंगठ्याएवढ्या पाठीवर निळ्याची आणि करड्याची धार अशी काढायचास की मला भिंगातून बघूनसुद्धा खरी वाटायची नाही. कडा सरळच लागते, हे तुझं म्हणणं. "शहर म्हणजे काय? कडा. पत्र्याची, तुळईची, खिडकीची. एक कडा वाकडी आली की बघणाऱ्याचा डोळा तिथे थांबतो. डोळा थांबला की शिपाई मेला."

आणि रोज तेच भांडण. मी म्हणायचो, एवढी मेहनत करायची ती दिसण्यासाठी की न दिसण्यासाठी? लोक सैनिक हातात घेऊन बघतात, वा म्हणतात, ते कशाला? तू म्हणायचास, "तुका काय कळता? वा म्हणाले तर माझं काम फसलं." एका रविवारी केदारचा समोरचा खेळाडू तुझा एक सैनिक टेबलावर विसरूनच गेला. पडक्या भिंतीला टेकून उभा होता, त्याला दिसलाच नाही. शेवटच्या डावात त्याच सैनिकाने त्याची वाट लावली. तो माणूस चिडून म्हणाला, "हा इथे कधीपासून होता यार?" तू घरी येईपर्यंत ते वाक्य वीस वेळा म्हटलंस. वहिनींना म्हटलंस. खाली कोळणीला म्हटलंस. तिने विचारलं, "कोन मेला?" आणि तू जिन्यात बसून हसलास.

ते भांडण तसंच राहिलं. मला वाटतं, तुझंच बरोबर होतं. पण हे आता म्हणायला काय जातंय माझं?

आता लिहायचं ते लिहितो.

वॉर्निशचा वास तुमच्या खोलीत कोंडायचा, वहिनींना खोकला यायचा. म्हणून शेवटचा हात मी माझ्या घरी द्यायचो. तू रंगवलेले दहा-बारा सैनिक डब्यात घालून मी मुलुंडला आणायचो आणि बाल्कनीत वॉर्निश मारायचो. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर, एका डब्यात, एका सैनिकाच्या खांद्यावरची कडा मला हललेली दिसली. सरळ येत येत मध्येच किंचित फुगलेली, जशी तापलेल्या रस्त्यावर लांबची गाडी दिसते. मला वाटलं, घाई झाली असेल. मी चिकटपट्टीचा केसाएवढा तुकडा कापला, लावला आणि ती कडा सरळ केली. मग वॉर्निश मारलं. खूण केली नाही. तुला बोलावून दाखवलं नाही.

पुढच्या डब्यात असे चार होते. फुगवटा त्याच जागी, मधोमध.

अनंता, मला कळलं होतं. हे मला कालपर्यंत कुणालाच सांगता आलं नव्हतं, ते आता लिहितो. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी मला चौकटींचा एक कागद दिला होता. आडव्या-उभ्या रेषा, मध्ये टिंब. म्हणाले होते, रोज एकेका डोळ्याने बघा, रेषा वाकड्या दिसायला लागल्या तर एक दिवस थांबू नका, पडद्याचा आजार असू शकतो. तो कागद माझ्या फ्रिजवर लावलेला होता. तुझ्या चार सैनिकांचा डबा हातात घेऊन मी पाणी प्यायला फ्रिजपाशी गेलो. कागद समोर होता. तुला रेषा वाकडी दिसत होती म्हणून तू ती सरळ दिसेपर्यंत वाकवत होतास, हे मला पाण्याचा ग्लास तोंडाला लावेपर्यंत समजलं.

मी पाणी प्यायलो, बाल्कनीत गेलो आणि चारही सरळ केले.

का? पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, सांगितलं तर हा ब्रश खाली ठेवेल आणि दुपारी संपतील. ह्या दुपारींशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. इतपत कुणी समजून घेईल. म्हातारा, एकटा माणूस. प्राचीही कदाचित समजून घेईल. म्हणून इथे थांबायचा मोह होतोय.

पण तेवढंच नव्हतं. मला ते आवडायला लागलं होतं. चाळीस वर्षं तुझी रेषा बघून मी पट्टी लावत आलो, आणि आता तुझ्या रेषा मी नीट करत होतो. ज्या दिवशी डब्यात वाकड्या कडा जास्त निघत, त्या दिवशी मी जास्त चवीने जेवायचो. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोन्ही वेळा परत लिहिलं.

फाल्गुनात केदार डबा उघडून म्हणाला, "अनंतकाका, ह्या वेळच्या लाइन्स एकदम झकास! आधीपेक्षा भारी." तू एक सैनिक उचललास, भिंगाने नाही, नुसताच हातात फिरवलास आणि माझ्यापुढे धरलास. "बघ मरे! पट्टी न लावता. तुझ्या बापाक जमात?"

ती कडा माझी होती. पट्टी लावून काढलेली. मी म्हणालो, "नाय बाबा, तुझ्यासारखं कोण?" आणि मला जे वाटलं ते दुःख नव्हतं.

ही दुसरी नोंद. केदारकडे आहेत त्यांतले पहिले चार डबे संपूर्ण तुझ्या हातचे. त्यावर माझं फक्त अस्तर आणि वॉर्निश. पुढचे सगळे मिसळलेले. पुस्तकात कुणाचा फोटो छापायचा असेल तर पहिल्या चार डब्यांतलाच छापा. बाकीच्यांवर माझी लबाडी आहे आणि ती फोटोत सरळ दिसते.

तू तर मला सांगितलंही होतंस. एकदा नव्हे. रंगवता रंगवता मान वर करून म्हणायचास, "मधू, ह्या खिडकीचे गज वाकले काय रे?" मी म्हणायचो, चाळ जुनी झाली, सगळंच वाकणार. तू म्हणालास, "तरी सुताराक म्हटलेलं, चौकट नीट बसव." बिचाऱ्या सुताराला तू आठ महिने नावं ठेवलीस. मी ती ऐकून घेतली. एकदा तर मीही दोन ठेवली.

मग तो दिवस. तुला वर्तमानपत्राच्या मधोमध काळा डाग दिसायला लागला, तेव्हा तू घाबरलास. प्राचीने डॉक्टर गाठला, आणि तुझ्यासोबत आत मी आलो. ती बाहेर कागद भरत होती. डॉक्टर शांत माणूस होता. म्हणाला, पडद्याच्या मध्ये आतून पाणी झिरपलंय, आता तिथे व्रण झालाय. पाच-सहा महिने आधी आला असतात तर इंजेक्शनांनी नजर बरीच टिकली असती. सरळ गोष्टी वाकड्या दिसत नव्हत्या का तुम्हाला?

तू खुर्चीत ताठ झालास. "छे! डॉक्टर, मी पेंटर माणूस. रोज रेषा ओढतो, केसाएवढ्या. जरा वाकडी आली असती तर कळलं नसतं? ह्याला विचारा. कालपर्यंत माझ्या रेषा सरळ येत होत्या."

आणि तू माझ्याकडे वळलास. माझं तोंड तुला नीट दिसत नव्हतं, तरी वळलास.

डॉक्टरही बघत होता.

मी म्हणालो, "हो. सरळ येत होत्या."

डॉक्टरने मान हलवून काहीतरी लिहिलं. तू माझ्या गुडघ्यावर थाप मारलीस. साक्षीदाराला मारावी तशी.

त्यानंतरच्या तुझ्या दिवसांबद्दल तेराव्याला सगळे मला चांगला म्हणत होते. मी रोज येत होतो, तुला वाचून दाखवत होतो, दाढी करून देत होतो. खरं आहे. गुन्हेगार रोज यायचा. तू टेबलाशी बसून सांगायचास आणि मी रंगवायचो. "निळ्यात पाणी जास्त झालंय, आवाजावरून कळता." ब्रशचा कसला आवाज! पण पाणी खरंच जास्त झालेलं असायचं. तुला कडेचं दिसायचं, मधलं नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणालास, "मधू, तुझे कान दिसतात. तोंड दिसत नाही. सुटलो." वहिनी हसल्या, प्राची हसली आणि मी कानाला हात लावून हसलो. तुझे तीन शून्यांचे, सगळ्यात बारीक ब्रश तू मला दिलेस. मी पट्टी कापायला लागलो की कात्रीचा आवाज ओळखायचास. पण आता काही म्हणायचा नाहीस. बँडेजबद्दल एकदा तरी बोलला असतास तर बरं झालं असतं.

तुला कळलं होतं का, असं मी स्वतःला खूप विचारलंय. कळलं असेल आणि तू मला सोडून दिलं असशील, असं मानायला मला फार आवडेल. पण मी सगळ्या दुपारी आठवून बघितल्या आणि तसं मानायला काडीचा आधार सापडला नाही. तू विश्वास ठेवलास, एवढंच आहे.

त्या सकाळी कोळीण खाली हाक मारत होती. वहिनी आंघोळीला गेल्या होत्या. मासे तू स्वतः बघून घ्यायचास, डोळे गेल्यावर बोटाने दाबून घ्यायचास. एकटाच उतरलास. जिन्याची मधली पायरी तुला दिसली नाही. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ धरला. नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांत मी रोज दुपारी तुझ्या खाटेशी वाक्य तयार करून आलो. "अनंता, त्या रेषा सरळ येत नव्हत्या." एवढंच वाक्य. सहाव्या दिवशी तू मास्क बाजूला करून म्हणालास, "केदारला सांग, पुढच्या डब्याला निळा जरा फिका आण. पावसाळा उतरला की ताडपत्री विटते." मी म्हणालो, "सांगतो." तू मास्क परत लावलास. मी अजून अर्धा तास बसलो. खोलीत आपण दोघंच होतो, कुणी आडवं आलं नाही. मला सांगता आलं असतं. मी तुझं पांघरूण नीट केलं आणि निघालो.

तुझ्यापाशी आता माफी मागण्यात अर्थ नाही. माफी मागायची तर समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे. ती सोय मीच ठेवली नाही. तू मला रेषा ओढायला शिकवलंस, सुधा गेल्यावर मला माणसांत ठेवलंस, माझ्या पट्टीला हसलास पण माझ्यासोबत जेवलास. त्याबद्दल आभार मानायलाही आता तोंड नाही, तरी मानतो.

काल दुपारी मी वहिनींना सांगितलं.

त्या खाली बसून तुझे कपडे घडी करत होत्या, कुणाला द्यायचे म्हणून. मी खुर्चीवर न बसता जमिनीवर बसलो. सगळं सांगितलं: वॉर्निशचा डबा, चिकटपट्टी, फ्रिजवरचा कागद, डॉक्टरसमोर बोललो ते. त्यांचे हात थांबले नाहीत. एक शर्ट तीनदा घडी केला.

"किती महिने?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"मला विचारायचे हो ते. शालन, गज वाकलेत का गं? मी कामात असायचे. मी म्हणायचे, मला काय कळतंय त्यातलं, मधूभावोजींना विचारा."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"तुम्हाला विचारायचे ना ते?"

"हो वहिनी."

त्यांनी पुढचा शर्ट घेतला. मग मी म्हणालो की संध्याकाळी प्राची कामावरून आली की तिलाही सांगतो, बसून, नीट समजावून.

"नको," त्या म्हणाल्या. "समजावून नको. बोलायला लागलात की तुम्ही तेही कुठेतरी सरळ करून टाकाल. तिने लिहायला सांगितलंय ना तुम्हाला? लिहा. आहे तसं लिहा आणि तिच्या हातात द्या."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. आजवर कधी त्यांनी मला पाणी विचारल्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. वाटलं, पाण्याचं विचारतील.

"ती वाचेल तेव्हा तुम्ही समोर बसायचं भावोजी. सगळं वाचून होईपर्यंत. मधेच उठून जायचं नाही."

हे कागद उद्या सकाळी घेऊन येतोय, अनंता. रविवार आहे, प्राची घरी असेल.

मधू